घंटा वाजल्यानंतर

बेंगळुरूच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र चांगले चार पानी आहे, पण मुद्दा थोडक्यात असा : मुलगा अकरावीत, शास्त्र शाखेला. दोन वर्षांपासून संध्याकाळी किक-बॉक्सिंगच्या क्लासला जातो. मुलगा अंगाने भरला, धीट झाला, लवकर उठू लागला, म्हणून घरचे सगळे खूष होते. मध्यंतरी एका स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले आणि तिथून सूर बदलला. आता तो म्हणतो, "बारावीचं नंतर बघू. मला जपानला जायचंय, तिथे व्यावसायिक लढती होतात." वडिलांनी बोलणे टाकले आहे. सासूबाई मूळच्या कराडच्या. त्या म्हणतात, "आपल्याकडे काय पैलवान झाले नाहीत? खेळू दे पोराला." आणि या ताई मधल्या मध्ये. त्यांचे दोन प्रश्न आहेत. हा खेळ मुलाच्या जिवाला धोकादायक आहे का? आणि समजा नाही, तरी तीस वर्षांचा झाल्यावर तो करणार काय?

पहिला प्रश्न बहुतेक पालक विचारतात. दुसरा फार थोडे विचारतात, आणि माझ्या मते तोच अधिक अवघड आहे. दोन्हींबद्दल आज लिहितो.

मुलगा जपानचे नाव घेतो ते उगीच नाही. या खेळाचे बारसेच तिथे झाले. थायलंडमध्ये हात, पाय, गुडघे आणि कोपर वापरून लढण्याची जुनी परंपरा आहे, तिला मुए थाई म्हणतात. जपानमध्ये कराटे होते. ओसामू नोगुची नावाच्या एका जपानी आयोजकाने या दोन्हींची सांगड घातली, वर पाश्चात्त्य मुष्टियुद्धाची रिंग आणि हातमोजे दिले, आणि १९६६ साली त्याला 'किक-बॉक्सिंग' हे नाव दिले. इंग्रजी वाटणारे हे नाव जपानी डोक्यातून निघाले, याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते.

नव्या खेळाला नायक लागतो. तो मिळाला तादाशी सावामुरा या तरुणाच्या रूपाने. खरे नाव हिदेकी शिराहा, जन्म १९४३ चा, विद्यापीठातला नावाजलेला कराटेपटू. सुरुवातीला त्याला वाटत होते, कराटेपुढे थाई लोक काय टिकणार! १९६६ मध्येच एका थाई लढवय्यासमोर त्याला उभे केले आणि त्या एका लढतीत तो सोळा वेळा खाली पडला. सोळा वेळा! शेवटी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. दुसरा कोणी असता तर त्याने पुन्हा रिंगकडे पाहिले नसते. सावामुरा बरा झाला आणि मुए थाई मुळापासून शिकायला बसला.

पुढच्या दहा-अकरा वर्षांत तो जपानमधल्या घराघरांत पोचला. त्याच्या लढती दूरदर्शनवर दाखवल्या जात. उंच उडी मारून गुडघ्याचा प्रहार करणे ही त्याची खासियत होती आणि शाळेतली पोरे गल्लीत त्याची नक्कल करत. त्याच्यावर चित्रकथा निघाली, १९७० साली तिच्यावरून कार्टून मालिका निघाली. तिचे नाव मराठीत सांगायचे तर 'किकचा राक्षस'. दोनशेहून अधिक विजय त्याच्या नावावर नोंदले आहेत. धंदा म्हणून चालवलेल्या त्या काळच्या लढतींतल्या सगळ्याच खऱ्याखुऱ्या होत्या का, यावर जपानमध्ये नंतर बरीच शंका घेतली गेली, हेही सांगून ठेवतो. पण सोळा वेळा पडून पुन्हा उभा राहिलेला माणूस हा, ते तर कोणी नाकारत नाही.

१९७७ मध्ये तो निवृत्त झाला आणि दिसेनासा झाला. मुलाखती नाहीत, जाहिराती नाहीत, समारंभ नाहीत. लोक नाना तर्क करू लागले. कोणी म्हणाले वेड लागले, कोणी म्हणाले मेला. प्रत्यक्षात तो मोटारदुरुस्तीच्या धंद्यात शिरला होता, तेही काम शून्यापासून शिकून. पुढे त्याने लहान मुलांना कराटे शिकवले. २०२१ च्या मार्चमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर होते. म्हणजे हिशेब करा : रिंगमध्ये अकरा वर्षे, रिंगबाहेर त्रेचाळीस. आपल्या मुलांच्या खोलीतल्या भिंतीवर त्या अकरा वर्षांचे चित्र लागलेले असते. उरलेल्या त्रेचाळीस वर्षांचे पोस्टर कोणी छापत नाही.

आता धोक्याबद्दल. ताई, इथे गोड बोलून उपयोग नाही. जुलै २०२२ मध्ये तुमच्याच शहरात, बेंगळुरूत, राज्य पातळीच्या म्हणून भरवलेल्या किक-बॉक्सिंग स्पर्धेत म्हैसूरच्या एका विशीतल्या तरुणाला तोंडावर ठोसा बसला, तो रिंगमध्ये कोसळला आणि दोन-तीन दिवसांत रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. स्पर्धेच्या जागी वैद्यकीय मदतीची धड व्यवस्था नव्हती, अशी तक्रार घरच्यांनी केली आणि आयोजकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. अशा घटना रोज घडत नाहीत, हे खरे. पण घडतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी प्रश्न एकच निघतो : डॉक्टर कुठे होता आणि रुग्णवाहिका कुठे होती?

एकदम येणाऱ्या या धोक्याशिवाय दुसरा एक धोका आहे, तो हळू येतो. डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराने मेंदूवर कायमचा परिणाम होतो, हे वैद्यकाला नवे नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ सालीच मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणारी ही अवस्था नोंदवली होती : चालताना झोक जाणे, बोलणे जड होणे, विसरभोळेपणा, पुढे बुद्धीच मंद होणे. हे लढणे थांबवल्यावर कित्येक वर्षांनीही सुरू होऊ शकते. आणि त्याला एखादा जबरदस्त ठोसाच लागतो असे नाही. सरावात रोज बसणारे मध्यम ठोसेही जमा होत जातात, बँकेतल्या व्याजासारखे.

मात्र 'किक-बॉक्सिंग' या एका नावाखाली बरेच प्रकार येतात, आणि पालकांना हे कोणी समजावून सांगत नाही. काही प्रकार गादीवर खेळतात. त्यात स्पर्श झाला की गुण, जोरात मारले तर उलट शिक्षा. शाळकरी मुलांसाठी हे प्रकार ठीक आहेत, शिस्त येते, पाय लवचीक होतात. दुसरे प्रकार रिंगमधले, जिथे पूर्ण ताकदीने मारायचे आणि समोरचा पडला तर सामना जिंकला. त्यातही मांडीवर लाथ चालते की नाही, गुडघा चालतो की नाही, यावरून पोटभेद आहेत. तुमच्या मुलाचे रौप्यपदक यांपैकी कशातले आहे, ते आधी विचारा. गादीवरच्या पदकाच्या जोरावर रिंगमध्ये उतरणे म्हणजे हौदात पोहायला शिकून थेट पुरात उडी घेणे होय.

क्लासच्या गुरुजींनाही चार गोष्टी विचारायला संकोच करू नका. सरावात डोक्यावर मारण्याचे दिवस आठवड्यात किती? एखाद्या मुलाला गरगरले, ओकारी झाली, तर त्याला किती दिवस घरी बसवता? स्पर्धेआधी वजन उतरवायला काय करायला लावता? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. खालच्या वजनगटात बसावे म्हणून मुलांना दोन दिवस पाणी तोडायला लावणे, अंगात जाड कपडे घालून धावायला लावणे, हे प्रकार सर्रास चालतात. शरीरातले पाणी असे आटवून कोणी लढायला उभे राहू नये, वाढत्या वयात तर नाहीच. या प्रश्नांवर जो गुरू चिडतो, त्याच्याकडे मुलगा ठेवू नये. जो शांतपणे उत्तर देतो त्याच्याकडे ठेवायला हरकत नाही. अठरा वर्षांआधी पूर्ण ताकदीच्या रिंगमध्ये उतरायचे नाही, हे मात्र घरात एकदा ठरवून टाका आणि त्यावर ठाम राहा. रुसेल, जेवणार नाही. दोन दिवसांनी जेवेल.

आता दुसरा प्रश्न, आणि त्यासाठी मला तुमच्या सासूबाईंच्या गावी जावे लागेल.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव सासूबाईंना ठाऊक असणारच. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे धडे घरच्या मातीतच मिळाले. शिक्षण आधी कराडच्या टिळक हायस्कुलात आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. हे कॉलेज लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे दोनदा येणार आहे.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तोवर मॅटवरच्या कुस्तीची त्यांना सवय नव्हती. आपली कुस्ती मातीतली. पाठ लागली की निकाल, नाहीतर अर्धा-अर्धा तास झटापट. तिथे घड्याळ, गुण आणि पंचांचे कौल. अशा परक्या नियमांत बावीस वर्षांचा हा मुलगा फ्लायवेट गटात सहावा आला. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयारीत मदत केली होती.

चार वर्षांनी हेलसिंकी. यावेळी आधी निवडीचाच घोळ झाला. चाचणीत गुणांच्या हिशेबात आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. मग पैशांचा प्रश्न. सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. गावाने वर्गणी काढली, दुकानदारांनी दिले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! विद्यार्थी पदक आणील याची काय खात्री होती? काहीच नाही. तरी त्यांनी घर गहाण टाकले. आजकाल शाळा-कॉलेजांच्या फलकांवर खेळाडूंचे मोठमोठे फोटो झळकतात तेव्हा मला हटकून खर्डीकर सर आठवतात.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा इशी मूळचा ज्युदोपटू. महायुद्धातल्या पराभवानंतर जपानी शाळांत ज्युदोला मनाई झाली, तेव्हा कित्येक ज्युदोपटू कुस्तीकडे वळले, त्यांतला हा एक. १९४८ च्या ऑलिंपिकला जपानला बोलावलेच नव्हते, त्यामुळे हेलसिंकी ही युद्धानंतरची त्यांची पहिली संधी. दोन्ही मल्ल एकाच वर्षी जन्मलेले, दोघेही उंचीने बेताचे, आणि दोघांच्याही मागे नुकताच उभा राहू पाहणारा देश. कुस्ती पूर्ण वेळ चालली. इशी गुणांवर जिंकला. त्यानंतर खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढायला बोलावले गेले, आणि नियमाप्रमाणे मिळायला हवा तो अर्धा तास मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे खाशाबांची हकिकत सांगणारे बहुतेक सगळे सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. २३ जुलै १९५२ रोजी गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळवायला लिअँडर पेसला १९९६ पर्यंत थांबावे लागले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे.

इशीला सुवर्ण मिळाले. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. पुढची गोष्ट तुलना करण्यासारखी आहे म्हणून सांगतो. जपानने त्या एका पदकावर कुस्तीची शाळा उभी केली. महाविद्यालये, कंपन्या, प्रशिक्षक, सगळे त्यात आले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत आठ सुवर्णपदके घेतली. आपल्याला कुस्तीतले दुसरे पदक २००८ साली सुशीलकुमारने दिले, छप्पन्न वर्षांनी. त्यानंतर कुस्तीत पदके आली, पण एकही मल्ल महाराष्ट्रातला नाही. खासबागेच्या मैदानात माणसे मावत नाहीत आणि मॅटवर मात्र आपण दिसत नाही. यावर आपल्या कुस्तीप्रेमींनी पेपरात रकानेच्या रकाने लिहिले आहेत, मी वेगळे काय लिहू?

कराडच्या स्टेशनावर खाशाबा उतरले तेव्हा त्यांना न्यायला शंभराहून अधिक बैलगाड्या आल्या होत्या. हलगी, लेझीम, गुलाल. एरवी पाव तासात होणाऱ्या वाटेला तासन् तास लागले. आणि एवढे झाल्यावर या माणसाने पहिले काम काय केले असेल? कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून खर्डीकर सरांचे घर सोडवले. बायाबापड्यांनो, आपल्या मुलांना ऑलिंपिक पदकाची गोष्ट जरूर सांगा, पण ही दुसरी गोष्ट आधी सांगा.

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई राज्याच्या पोलिसांत फौजदार म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्नची तयारी सुरू होती, तेवढ्यात गुडघा दुखावला. झाले. तिशीत कुस्ती संपली. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षांची पोलिसातली नोकरी. खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, पोरांना शिकवले, पण बढती म्हणाल तर वीस-बावीस वर्षे जवळपास जागच्या जागी. निवृत्तीच्या तोंडावर सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या ज्योतीच्या दौडीत त्यांना बोलावले, तेवढाच काय तो मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार, ना पद्म. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले, आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र सरकारने राज्य क्रीडा दिन म्हणून २०२३ साली जाहीर केला.

ही हकिकत सांगताना लोक सहसा हळहळून थांबतात. मी दुसरीकडे बोट दाखवतो. खाशाबांच्या संसाराला उपेक्षा झाली तरी दोन वेळची चूल पेटत राहिली, ती कशाच्या जोरावर? पदकाच्या नव्हे. राजाराम कॉलेजात शिकत होते म्हणून फौजदारी मिळू शकली, आणि फौजदारी होती म्हणून गुडघा गेल्यावर घर चालले. त्या काळी गावोगावचे कितीतरी नामांकित पैलवान शिक्षणाशिवाय होते. तालमीचे दिवस संपले, खुराक बंद झाला, अंग सुटले, आणि ज्या बाजारात त्यांच्या नावाने नारळ फुटत असे तिथेच त्यांना कुणाच्या तरी ओसरीवर दिवस काढावे लागले. अशी माणसे कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात ज्यांनी पाहिली नाहीत असे जुने लोक थोडेच. बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या तालमींना, म्हणजे कन्नडमध्ये गरडी म्हणतात त्यांना, विचारलेत तरी असेच किस्से निघतील.

काळ बदलला आहे, हे कबूल. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातलाच हा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत त्याला कांस्यपदक मिळाले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक पदक. पदक गळ्यात पडताच रेल्वेने त्याला वरच्या पदावर घेतले, राज्याने एक कोटी रुपये जाहीर केले. खाशाबांच्या वाट्याला बावीस वर्षांत आले नाही ते याला दोन दिवसांत मिळाले. पण यातही पाहण्यासारखे काय, तर नोकरी पदकाच्या आधीपासून होती. रेल्वे, सेना, पोलीस, या खात्यांनी आपल्या देशात खेळाडू पोसले आहेत.

आणि इथे किक-बॉक्सिंगची अडचण येते. हा खेळ आजही ऑलिंपिकमध्ये नाही. जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता २०२१ साली मिळाली, पण मान्यता वेगळी आणि प्रत्यक्ष खेळांत समावेश वेगळा. आपल्याकडे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी देताना कोणत्या खेळाची, कोणत्या संघटनेची, कोणत्या पातळीवरची प्रमाणपत्रे चालतात याची यादी असते. एकाच खेळाच्या तीन-तीन संघटना असतात, प्रत्येकीची 'राष्ट्रीय' स्पर्धा वेगळी, आणि घरी फ्रेम करून लावलेले प्रमाणपत्र ऐनवेळी कचेरीत बिनकामाचे ठरते. तेव्हा मुलगा खेळतो ती संघटना कोणती, तिला क्रीडा खात्याची मान्यता आहे की नाही, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. वडिलांना बोलायचे नसेल तर निदान एवढे काम तरी त्यांच्याकडे सोपवा.

जपानला जायचे म्हणतो त्याबद्दल. तिथे जाऊन राहणारे, शिकणारे परदेशी लढवय्ये आहेत. पण तिथला धंदा कठोर आहे. तोशिओ फुजिवारा या जपानी लढवय्याने १९७८ साली थायलंडच्या राजादमनर्न स्टेडियमचा किताब जिंकला, थाई नसलेला तो पहिला माणूस. तो ज्या मेजिरो जिममध्ये घडला तिथले गुरू केंजी कुरोसाकी यांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी जपानमध्ये अजून सांगतात. मासातो हा अलीकडचा लोकप्रिय विजेता. त्याने दोनदा जागतिक स्पर्धा जिंकली आणि २००९ च्या शेवटच्या दिवशी, अजून जिंकत असतानाच, निवृत्ती घेतली. वय तीस. अशी दोन-चार नावे आपल्याला ठाऊक असतात. ज्यांची ठाऊक नाहीत, ते दिवसा कुठेतरी काम करून संध्याकाळी जिममध्ये जातात. मुलाला म्हणावे, जपानी भाषा शिकायला आजच सुरुवात कर. बेंगळुरूत तिचे वर्ग आहेत, जपानी कंपन्याही आहेत. जिद्द खरी असेल तर वर्षभरात शंभर-दोनशे लिपीचिन्हे येतील, आणि लढवय्या नाही झाला तरी ती भाषा भाकरी देईल. महिन्याभरात वही बंद पडली तर तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.

बारावी मात्र सोडायची नाही. कराडच्या सासूबाईंनाही हे पटेल, कारण त्यांच्या गावचा मल्ल कॉलेजात शिकलेला होता.

जाता जाता मुरलीकांत पेटकरांबद्दल. इस्लामपूर भागातले, सांगली जिल्ह्याचे, जन्म १९४४ चा. लहानपणी मातीतली कुस्ती, मग सैन्यात, तिथे मुष्टियुद्ध. १९६४ साली टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून रिंगमध्ये उतरले. म्हणजे जपानची रिंग एका मराठी मुलाने साठ वर्षांपूर्वीच पाहिली आहे. पुढच्याच वर्षी पाकिस्तानबरोबरचे युद्ध. गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात कायमची राहिली, कमरेखालचे शरीर निकामी झाले. वय एकवीससुद्धा नाही. मुष्टियुद्ध संपले ते असे, एका दुपारी.

उपचारांत पाण्यातले व्यायाम दिले होते, म्हणून ते पोहायला लागले. १९६८ ला तेल अविवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले, भारताचे पॅरालिंपिकमधले पहिले. या प्रवासात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदत केली. पुण्याला टेल्कोमध्ये नोकरी मिळाली आणि तिथेच त्यांनी पुढची वर्षे काढली. अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी १९८० च्या दशकात नाकारली गेली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे देशाला त्यांचे नाव कळले. आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कुबडीच्या आधाराने चालत जाऊन त्यांनी राष्ट्रपतींच्या हातून अर्जुन पुरस्कार घेतला. हायडेलबर्गच्या त्या सदतीस सेकंदांना तेव्हा बावन्न वर्षे उलटून गेली होती.